जुनी इटालियन स्टील सायकल गोव्यात रंगवताना आणि जपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात अशा सायकली निरनिराळ्या वाटांनी येतात. कुणाचे मामा बोटीवर होते, कुणाचे शेजारी पोर्तुगालहून परतले, कुणी इटलीतल्या विक्रेत्याकडून नुसती फ्रेम मागवली. घरी आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, रंग कोणता द्यायचा? इथली उत्तरे मात्र उलट्या क्रमाने जातात, कारण समुद्राकाठी रंगाचा नंबर शेवटी लागतो. आधी लोखंड, मग आटे, मग नळ्यांची आतली बाजू, आणि त्यानंतर रंग.

मूळ रंग ठेवावा की नवा द्यावा?

ठेवता येत असेल तोवर मूळ रंगच ठेवा. खरचटलेला, उन्हाने फिकटलेला, पण लोखंडाला घट्ट धरून असलेला रंग काढायचे काही कारण नाही. तो एकदा खरवडला की पुन्हा मिळत नाही, आणि जाणकार माणूस नव्या चकाकीपेक्षा जुन्या खऱ्या रंगाला जास्त किंमत देतो. गंज असेल तेवढीच जागा साफ करायची, जुळत्या रंगाचा बारीक हात द्यायचा आणि वरून मेणाचे पॉलिश करायचे.

पूर्ण रंगकाम करावेच लागते अशा परिस्थितीही आहेत. रंगाखाली गंज पसरून फुगे आले असतील, आधीच्या मालकाने जाड रंग फासून सगळे बुजवले असेल, किंवा नळी बदलणे, नवी झाळ लावणे असे आगीचे काम झाले असेल, तर पर्याय उरत नाही. इथल्या खाऱ्या दमट हवेत आणखी एक खूण दिसते. रंगाखालून गांडुळासारख्या बारीक नागमोडी रेषा पुढे सरकत जातात. तो गंजच असतो, वरून पॉलिश करून थांबत नाही. अशा रेषा एखाद-दुसऱ्या जागी असतील तर तेवढा भाग उघडा, सगळीकडे असतील तर सगळा रंग काढा.

सायकल खरोखर इटालियन आहे हे कसे ओळखायचे?

स्टिकरवर विश्वास ठेवू नका, तो कोणीही चिकटवू शकतो. सायकल उलटी करा आणि पेडलचा दांडा जिथून जातो ते कवच मोजा, म्हणजे बॉटम ब्रॅकेटचे शेल. इटालियन मापाचे शेल ७० मिमी रुंद असते आणि त्याचे आटे ३६ मिमी व्यासाचे, इंचाला २४. इंग्लिश मापाचे शेल ६८ मिमी. पण ६८ मिमी निघाले म्हणून लगेच नकली ठरवू नका. निर्यातीच्या मॉडेलना इंग्लिश आटेही असत, आणि बियांकी या इटालियन कंपनीच्या नावाच्या काही सायकली ऐंशीच्या दशकात जपानमध्ये तयार झाल्या होत्या.

दुसरी खूण सीट पोस्टच्या, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्याच्या मापात असते. मिलानच्या कोलंबस कंपनीच्या एसएल नळ्यांची फ्रेम असेल तर बहुधा २७.२ मिमीची पोस्ट बसते. त्याहून लहान माप असेल तर नळीची भिंत जाड, म्हणजे कोलंबसचीच जाडसर एसपी किंवा खालच्या दर्जाची नळी. कोलंबसचीच एसएलएक्स नळी ओळखणे सर्वांत सोपे आहे. बॉटम ब्रॅकेट काढल्यावर शेलमधून नळ्यांत बोट घाला, आत मळसूत्री उंचवटे लागतात.

मागच्या चाकाच्या खाचांवर कॅम्पान्योलो या सुटे भाग बनवणाऱ्या इटालियन कंपनीचे नाव कोरलेले असेल तर त्यावरून फार काही सिद्ध होत नाही, कारण जगभरचे फ्रेम बनवणारे त्या खाचा विकत घेत. पण भाग मूळचे असतील तर वर्ष ठरवायला त्यांचा उपयोग होतो. त्यांच्या न्यूओवो रेकॉर्ड मालिकेतल्या मागच्या डिरेल्युअरवर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागावर, ‘पेटंट’ शब्दापुढे दोन आकडे असतात. ७४ असेल तर तो डिरेल्युअर १९७४ च्या आसपासचा. हबच्या लॉकनटवरही बऱ्याचदा असेच दोन आकडे सापडतात. दोन्ही जुळले तर फ्रेमचे वय अंदाजे मिळालेच समजा. काही कारागीर फ्रेमवर क्रमांकच टाकत नसत, त्यामुळे क्रमांक नसणे हा दोष मानू नये.

रंगापूर्वी फ्रेममध्ये काय तपासायचे?

एसएल नळीची भिंत टोकांना ०.९ मिमी आणि मधल्या भागात फक्त ०.६ मिमी असते. पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावर उभे आहेत. मधल्या भागात खोल गंजाचा खड्डा असेल तर मागे फारसे लोखंड शिल्लकच नसते.

हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखाली बोट फिरवा. तिथे हलकी लाट लागली किंवा रंगाला आडव्या सुरकुत्या दिसल्या तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. चेन स्टेच्या (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) आडव्या पट्टीजवळ, खाचांच्या मुळाशी आणि सीटच्या लगच्या (नळ्या जोडणाऱ्या बाहीच्या) कानांजवळ केसाएवढ्या चिरा शोधा. शंका असेल तर वेल्डिंगच्या साहित्याच्या दुकानात चिरा दाखवणारा लाल द्रव आणि पांढरा डेव्हलपर यांचे स्प्रे मिळतात. वास्कोकडे जहाजाच्या कामातल्या कुठल्याही वेल्डरला ते माहीत असतात. लाल द्रव मारून पुसायचा, वरून पांढरा मारायचा. चीर असेल तर लाल रेघ वर येते.

मग दोरा लावून सरळपणा पाहा. मागच्या एका खाचेपासून दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायचा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे. एखाद मिलिमीटरचा फरक हाताच्या कामात चालतो. जास्त असेल तर फ्रेम रंगापूर्वीच सरळ करून घ्या, कारण रंगानंतर वाकवली तर रंग तडकतो.

छोटा पोचा असेल तर घाबरू नका. नळीच्या मधल्या भागात उथळ पोचा आला म्हणून फ्रेम मोडत नाही. तो भरायचा की तसाच ठेवायचा हे तुमच्या डोळ्यांनी ठरवावे.

सीट पोस्ट किंवा हँडलचा स्टेम अडकला आहे. काय करू?

अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना लागून असतील आणि मध्ये खारट ओल असेल तर अ‍ॅल्युमिनियम गंजून फुगते आणि भाग पक्का रुततो. गोव्यात हे इतके होते की अडकलेली पोस्ट हीच नेहमीची स्थिती धरून चला.

बोल्ट काढा, वरून आणि बॉटम ब्रॅकेटच्या बाजूने झिरपणारे तेल सोडा, फ्रेम उलटी टांगा आणि थांबा. रोज थोडे तेल, रोज रबरी हातोडीचे हलके ठोके. घाई करणाऱ्याच्या फ्रेमा वाकतात. तरीही हलली नाही तर पोस्टचे डोके जाड व्हाइसमध्ये धरायचे आणि फ्रेमच दोन्ही हातांनी फिरवायची, म्हणजे लांब तरफ मिळते. यात पोस्ट खराब होते, ती जाऊ द्या. शेवटचा उपाय म्हणजे पोस्ट वरून कापून आतून हॅकसॉच्या पात्याने उभी चीर पाडणे. काही जण कॉस्टिक सोडा ओततात. त्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळते हे खरे, पण हायड्रोजन वायू निघतो आणि द्रव डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. घरी ते करू नका.

मेकॅनिक म्हणतो बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप निघतच नाही.

तो बहुधा उलटा फिरवत असेल. इंग्लिश पद्धतीच्या सायकलीत उजव्या कपाला डावे आटे असतात, तिथे तो घड्याळाच्या दिशेने सैल होतो. हाताला तीच सवय असते. इटालियन शेलमध्ये दोन्ही बाजूंचे आटे उजवे, म्हणून दोन्ही कप घड्याळाच्या उलट दिशेनेच सुटतात. मेकॅनिकला हे आधी सांगा, कारण चुकीच्या दिशेने लांब पाइप लावून जोर केला तर आटे जातात. इंग्लिश आटे गेले तर त्याच शेलला मोठे इटालियन आटे पाडता येतात, इटालियन आटे गेले तर पुढचे मापच नाही. मग आट्यांशिवाय आतून घट्ट बसणारे कार्ट्रिज शोधावे लागते.

याच आट्यांमुळे इटालियन उजवा कप चालवताना हळूहळू सैल होतो. परत बसवताना आटे रॉकेलने स्वच्छ धुऊन कप भरपूर ताकदीने आवळा, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तपासा.

गंज काढायला काय वापरावे?

वरवरच्या गंजाला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड उत्तम. केमिकलच्या दुकानात पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळते. आपल्याकडे बिंबलांनी तांब्या-पितळेची भांडी उजळायची रीत आहे, तिच्यामागेही हेच आम्ल आहे. लिटरभर पाण्याला एक-दोन चहाचे चमचे पुरतात. फ्रेम मावेल असा चर लाकडी फळ्यांत जाड प्लास्टिक पसरून तयार करता येतो. रात्रभर बुडवून ठेवली तर मूळ रंग आणि स्टिकर बहुधा शाबूत राहतात आणि गंज निघून जातो. तरी आधी एखाद्या लपलेल्या जागी करून पाहा. अ‍ॅल्युमिनियमचे भाग यात टाकू नका. हे आम्ल विषारी आहे, त्यामुळे रबरी हातमोजे घाला, काम उघड्यावर करा, आणि मुले-जनावरे लांब ठेवा.

बाहेर काढल्यावर भरपूर पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुन्हा धुवा आणि लगेच वाळवा. लगेच म्हणजे तासाभरात, नळ्यांच्या आत हवा मारून. उघडे लोखंड इथल्या हवेत संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होते.

तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मात्र वापरू नका. ते सांध्यांच्या फटींत राहते आणि महिन्यांनंतर रंगाखालून बाहेर येते.

सगळा रंग काढायचा आहे. सँड ब्लास्टिंग करून घेऊ का?

गेट आणि ग्रिल करणाऱ्याकडे जे ब्लास्टिंग होते ते अजिबात नको. ०.६ मिमीच्या नळीवर जाड वाळू आणि जास्त दाब म्हणजे नळी खराब व्हायचीच. लगच्या कडा, कोरलेली नावे, त्यावरचे बारीक नक्षीकाम, सगळे गुळगुळीत होऊन जाते. बारीक काचेचे मणी वापरून कमी दाबाने करणारा सापडला तरच विचार करा.

रासायनिक पेंट रिमूव्हर हा सुरक्षित मार्ग. जाड थर लावायचा, वर प्लास्टिक गुंडाळायचे, रंग सुरकुतला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा. उरलेले ओल्या वॉटर पेपरने. लगच्या कोपऱ्यांत जुना टूथब्रश आणि पितळी तारेचा ब्रश. पॉवर टूलची तारेची चकती नळीवर लावू नका. ही सगळी मेहनत पाहून लोक दमतात आणि मधेच सोडतात, म्हणून रंगाऱ्याकडे देणार असलात तरी हे काम स्वतः करा. कुणीही पैसे घेऊन हे तुमच्याइतके सावकाश करणार नाही.

पावडर कोटिंग स्वस्त आणि टिकाऊ आहे. तेच का करू नये?

वेर्णा किंवा कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींत पावडर कोटिंग करून मिळते, आणि रोजच्या वापराच्या साध्या फ्रेमला ते चांगले आहे. भट्टी १८० ते २०० अंश सेल्सिअसची असते. पितळी झाळ वितळायला जवळपास ९०० अंश लागतात, चांदीच्या झाळेलाही ६०० च्या वर, त्यामुळे सांध्यांना धोका नाही.

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. पावडरचा थर जाड. इटालियन कारागिराने कानशीने पातळ केलेली लगची कड, कोलनागो या सायकल बनवणाऱ्या इटालियन कंपनीने कोरलेले पत्त्यांतल्या किलवरचे पान, फोर्कच्या डोक्यावरची अक्षरे त्याखाली बुजतात. ही सायकल पाहायला माणूस वाकतो तो या कडांसाठी. आणि खाऱ्या हवेत एकदा पावडरला टवका गेला की पाणी आत शिरून थराखाली पसरते. वरून सगळे ठीक दिसते आणि एके दिवशी पापुद्राच सुटून येतो. म्हणून लग असलेल्या चांगल्या फ्रेमला स्प्रेचाच रंग.

गोव्यात रंगकाम कोणत्या महिन्यांत करावे?

डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, सकाळी गारवा, दुपारी ऊन. नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त हवे. नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल लोखंडावर बसते आणि रंग तिच्यावर बसतो. चकाकीवर दुधाळ झाक येते तीही याच ओलीने. पहाटे आणि सूर्यास्तानंतर रंग मारू नये. मे महिन्यात घामाचा एक थेंब पुरतो, आणि जून ते सप्टेंबर हा विषयच बंद ठेवा. पावसाळ्यात फ्रेम उघडी असेल तर तिला तेल लावून घरात ठेवा. चवथीपूर्वी गॅरेजवाल्यांवर कामांची गर्दीही असते.

उन्हाळी दुपारी तांबड्या मातीची धूळ हीही वेगळी अडचण. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये रंग मारणार असाल तर जमीन आधी पाण्याने भिजवून घ्या.

कुठल्या रंगाऱ्याकडे द्यावी, आणि त्याला काय सांगावे?

सायकलींचा खास रंगारी शोधत बसू नका. म्हापसा, मडगाव, फोंडा इथे बुलेट आणि जुन्या गाड्या रंगवणारे चांगले हात आहेत, बूथ असलेली गॅरेजही आहेत. बुलेटच्या टाकीवर सोनेरी रेघ हाताने ओढणारा माणूस सापडला तर त्याला धरून ठेवा, लगच्या कडेने रेघ ओढायला तोच लागेल.

गाडीच्या रंगाऱ्याची सवय जाड हाताची असते. पत्र्याला लांबी (पुटी) भरून, घासून, सपाट करायचे हे त्याचे शिक्षण. तुमच्या फ्रेमवर लांबी जवळपास नको, आणि लगवर तर एक कणही नको. त्याला सांगायचे असे:

पहिला हात पातळ इपॉक्सी प्रायमरचा. खाऱ्या हवेत यावर तडजोड नाही. जहाजांच्या रंगांच्या दुकानातला इपॉक्सीही चालतो, पण तो जाड बसतो, डब्यावर लिहिल्याप्रमाणे पातळ करून घ्या. दोन थरांमध्ये किती वेळ थांबायचे हे डब्यावर असते, तेवढेच थांबा. त्यावर दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाचे पातळ हात, मग स्टिकर, मग क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर असलाच पाहिजे.

झाकायच्या जागा तुम्ही स्वतः झाका. बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांत जुने कप किंवा प्लास्टिकचे बूच बसवा. हेडसेटच्या (हँडल फिरते त्या बेअरिंगच्या) बैठका, फोर्कवरची रिंगची जागा, सीट ट्यूबची आतली बाजू, डिरेल्युअर हँगरचे आटे, खाचांचे चाक बसते ते पृष्ठभाग, हे सगळे रंगापासून वाचले पाहिजे. रंग झाल्यावर इटालियन मापाचा टॅप एकदा फिरवून आटे साफ करून घेतले तर उत्तम.

स्प्रे मी घरीच मारला तर?

तयार डब्यातला एक घटकाचा रंग मारू शकता. तो मऊ राहतो, पेट्रोल-थिनरने उठतो, पण टचअपला पुरतो. दोन घटकांचा रंग आणि क्लिअर घरी मारू नका. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासात गेले तर कायमचा दमा लागू शकतो, आणि आपल्या घरांच्या पडवीत वारा कुठून कुठे जाईल याचा भरवसा नाही. साधा कापडी मास्क यात उपयोगाचा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी व्यवस्था असलेल्या बूथमध्येच हे काम व्हावे.

मूळ छटा कशी जुळवायची? बियांकीचा तो फिकट हिरवट-निळा कुठे मिळेल?

‘चेलेस्ते’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रंगाची एकच छटा नाही. १८८५ साली एदोआर्दो बियांकी यांनी सुरू केलेल्या या कंपनीच्या सायकलींवर तो दशकादशकाला बदलत गेला, कधी हिरव्याकडे झुकला, कधी निळ्याकडे. म्हणून इंटरनेटवरचा कोड घेऊन जाऊ नका. तुमच्याच फ्रेमवर ऊन न लागलेली जागा शोधा. केबल क्लॅम्पच्या पट्ट्याखाली, बॉटम ब्रॅकेटखाली, हेडसेटच्या कपाच्या कडेला. तो भाग हलका पॉलिश करून गाडीच्या रंगाच्या दुकानातल्या छटा मोजणाऱ्या यंत्राला दाखवा. पहिला नमुना पत्र्यावर मारून उन्हात नेऊन पाहा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर फसवतो.

काही इटालियन रंगांचे सौंदर्य खालच्या थरात असते. क्रोमवर पारदर्शक रंग चढवायची पद्धत होती. तिथे खाली चांदीसारखी चकाकी नसेल तर वरचा लाल नुसता मातकट दिसतो. इटालियन सायकलपटू जुझेप्पे सारोन्नी १९८२ साली गुडवुडला जागतिक विजेते झाले तेव्हाच्या त्यांच्या कोलनागोमुळे गाजलेला लालही रुपेरी पायावर उभा आहे. रंगाऱ्याला केवळ ‘लाल’ सांगू नका, खाली काय आहे तेही सांगा.

स्टिकरचे काय?

रंग काढण्यापूर्वी प्रत्येक स्टिकरचा पट्टी ठेवून फोटो काढा, लगपासूनचे अंतर वहीत लिहा, ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. परदेशात जुन्या नमुन्यांचे संच मिळतात. पणजीतल्या स्टिकर कापणाऱ्याकडेही ट्रेसिंग दिले तर साधी अक्षरे होतात, बहुरंगी नक्षी होत नाही. ती मागवा. क्लिअरच्या खाली जाणारा स्टिकर पातळ हवा, नाहीतर कडा दिसतात. कोलंबसचे कबुतर मात्र तुमच्या फ्रेमवर मुळात होते तेच लावा. साध्या नळीच्या फ्रेमला एसएलएक्सचा शिक्का लावून विकणे ही फसवणूक आहे.

क्रोमवर ठिपके आले आहेत. पुन्हा क्रोम करू का?

आधी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. किती गंज निघतो याने तुम्ही चकित व्हाल. उजव्या चेन स्टेवरचा, फोर्कच्या पायांवरचा आणि खाचांवरचा क्रोम हा इटालियन फ्रेमचा थाट आहे, चाक बसवताना रंग उडू नये म्हणूनही तो असे. बारीक खड्डे राहिले तर राहू द्या, वर मेण लावत राहा.

पुन्हा क्रोम करायचे तर आधी जुने उतरवतात, मग लोखंड घासून चकचकीत करतात, आणि या घासण्यातच लगच्या कडा जातात. शिवाय प्लेटिंगच्या टाकीतले आम्ल नळ्यांत शिरते आणि लोखंडात हायड्रोजन मुरून ते ठिसूळ होऊ शकते. त्यावर उपाय म्हणून प्लेटिंगनंतर लगेच काही तास भट्टीत तापवतात. बेळगाव किंवा कोल्हापूरकडच्या प्लेटिंगवाल्याकडे गेलात तर ‘नंतर तापवता का’ हा प्रश्न पहिला विचारा. मला विचाराल तर फार वाईट अवस्था असल्याशिवाय करू नये. जुन्या क्रोमवर रंग चढवायचा असेल तर तो वॉटर पेपरने खरबरीत केल्याशिवाय रंग धरत नाही.

नळ्यांच्या आतून गंज लागू नये म्हणून काय करावे?

या पानावरचे एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. गोव्यात स्टीलची फ्रेम बाहेरून मरत नाही, आतून मरते. बाहेरच्या गंजाला आपण पाहतो, पुसतो. आत पाणी तीन वाटांनी जाते. सीट पोस्टच्या खाचेतून, नळ्यांना झाळ देताना ठेवलेल्या हवेच्या बारीक भोकांतून, आणि रात्री थंड झालेल्या नळीत दव जमून. हे सगळे पाणी घरंगळत बॉटम ब्रॅकेटच्या शेलमध्ये साठते. मीठ सोबत आलेलेच असते. बाहेरून सुंदर रंगवलेली फ्रेम शेलजवळ आतून चाळण झालेली असू शकते.

तपासायला मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा मिळतो. तो नसेल तर लांब तारेला चिंधी गुंडाळून आत फिरवा आणि काय बाहेर येते ते पाहा. तांबूस पूड आली तर ठीक, पापुद्रे आले तर शेलजवळ नळ्या टोकदार वस्तूने टोचून पाहा.

रंग पूर्ण पक्का झाला, आटे साफ झाले, की जोडणीपूर्वी आतून लेप द्यायचा. गाड्यांच्या दारांच्या पोकळीत मारतात तो मेणाचा स्प्रे लांब नळीसह मिळतो. तो नसेल तर उकळलेले जवसाचे तेल. प्रत्येक भोकातून आत सोडायचे, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवत राहायचे, मग रात्रभर टांगून जादा तेल गळू द्यायचे. तेल भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पाण्याच्या बादलीत टाका.

शेलच्या तळाला पाणी जायचे भोक नसेल तर लहान भोक पाडून घ्यावे, असे माझे मत आहे. जुन्या फ्रेमला भोक पाडायला लोक कचरतात ते मी समजू शकतो, पण इथल्या पावसात ते भोक फ्रेमचे आयुष्य वाढवते. रंगापूर्वी पाडा. सीट पोस्ट आणि स्टेम बसवताना भरपूर ग्रीस लावा आणि दर पावसाळ्यानंतर ते काढून पुन्हा लावा.

क्रँक आणि ब्रेकच्या लिव्हरना भोके पाडलेली आहेत. कुणी खराब केले का?

कदाचित नाही. सत्तरच्या दशकात वजन वाचवायला भाग पोखरायची मोठी हौस होती. बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांनी १९७२ साली मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किमीचा विक्रम केला, त्या कोलनागोचे भागही असेच पोखरलेले होते. भोकांच्या कडांना चिरा आहेत का तेवढे भिंगाने पाहा, विशेषतः क्रँकवर. चिरलेला क्रँक भिंतीवर लावा, चालवू नका.

बेअरिंगचे छर्रे कोणत्या मापाचे घ्यावेत?

बॉटम ब्रॅकेट आणि मागच्या हबला पाव इंची. कॅम्पान्योलोच्या रेकॉर्ड पुढच्या हबला ७/३२ इंच, हेडसेटला ३/१६. जुने धुऊन परत घालू नका, छर्रे स्वस्त असतात आणि ते ज्यावर फिरतात ते शंकूच्या आकाराचे कोन मिळत नाहीत. ग्रीस बोटींच्या कामातले पाणीरोधक घ्या.

मागच्या दोन खाचांमधली जागा १२६ मिमी आहे. आजचे चाक बसेल?

१३० मिमीचे चाक हाताने थोडे ताणून बसते. कायमचे करायचे असेल तर स्टील थंड स्थितीतच हळूहळू पसरवता येते, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी, दोरा लावून तपासत, आणि शेवटी खाचा पुन्हा एकमेकींना समांतर करून. हेही रंगापूर्वी. पण १२० मिमीची पाच गिअरची फ्रेम असेल तर १३० पर्यंत ओढू नका, तिला तिच्या काळचे चाक द्या.

या सायकलने चोर्ला घाट चढता येईल का?

मूळ गिअरवर पाय जड पडतील. न्यूओवो रेकॉर्ड क्रँकला ४१ दातांहून लहान चकती बसत नाही, आणि मागचा डिरेल्युअर २६ दातांपर्यंतच धड चालतो. ४२ आणि २६ वर सवयीचा सायकलस्वार चोर्ला चढेल, नव्याने तोल सांभाळत चढायला तेवढे गिअर पुरत नाहीत. रायबंदरचा बांध, जुने गोवे, फेरीने दिवाडी, हे रस्ते या सायकलींसाठीच आहेत असे वाटते.

ल’एरोइकासारख्या जुन्या सायकलींच्या फेरीत चालवायची आहे. काय काय जुने हवे?

टस्कनीतल्या गायोले इन कियांती इथे १९९७ पासून ही फेरी होते. १९८७ पर्यंतच्या पद्धतीची सायकल, खालच्या नळीवर गिअरचे लिव्हर, पट्ट्यांचे पेडल आणि हँडलच्या बाहेरून जाणाऱ्या ब्रेकच्या केबली, एवढे पाळा. रंग नवा असला तरी चालतो.

घर समुद्रापासून जवळ आहे. रोज चालवली तर नवा रंग किती टिकेल?

काम नीट झाले असेल तर बरीच वर्षे. किनाऱ्याच्या रस्त्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने भिजवलेल्या कापडाने पुसा. पाण्याचा जोरदार फवारा नको, तो छर्‍यांत पाणी ढकलतो. पुसून कोरडी करा, आठवड्याला खाचा आणि केबल थांबे तपासा, टवका दिसला तर त्याच दिवशी त्या रंगाचा एक ठिपका द्या. त्यासाठी रंगाऱ्याकडून उरलेला रंग बाटलीभर मागून घ्या, हार्डनर न मिसळलेला, घट्ट झाकणाचा. सायकल पडवीत ठेवू नका. आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडी दूर टांगा, कारण पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतींना ओल येते. जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा सीट पोस्ट काढून सायकल उलटी धरा. आतून पाणी आले तर लेप पुन्हा द्यायची वेळ झाली.